प्रोग्रॅम गपचूप चुकीचं उत्तर देतोय? आधी फंक्शनचं रिटर्न कुणी बघितलं का ते तपासा

परभणी जिल्ह्यातले वजनकाटे, आडत दुकानं अन् दूध संकलन केंद्रं यांची सॉफ्टवेअर मी बघतो, दहा-अकरा वर्षं झाली. निम्मं काम दुसऱ्यानं लिहून सोडून दिलेला कोड दुरुस्त करायचं असतं, अन् त्यात एकच बिघाड मला पुन्हा पुन्हा सापडतो. फंक्शननं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्यानं, आपल्या उत्तरात (रिटर्नमध्ये) सांगितलेलं असतं की बाबा काम झालं नाही, पण ज्या कोडनं त्याला काम सांगितलं त्यानं उत्तर ऐकलेलंच नसतं. मग प्रोग्रॅम बंद पडत नाही, स्क्रीनवर लाल काही येत नाही, तो पुढं चालत राहतो अन् भलत्याच ठिकाणी भलतंच दिसतं. मी ज्या क्रमानं बघतो त्याच क्रमानं लिहितोय, आधी फुकटातलं दोन मिनिटांचं, दिवस खाणारं शेवटी.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी जुळली तरी हे पोस्ट तुमच्याच कामाचं आहे:

- मागच्या नोंदीचा आकडा पुढच्या नोंदीला जसाच्या तसा येतो, तेही रोज नाही, कधी तरीच.
- "सेव्ह झालं" असा मेसेज येतो, पण फाईल उघडली तर रिकामी किंवा अर्धवट.
- मेनूत आकड्याऐवजी चुकून अक्षर दाबलं की तोच मेनू न थांबता फिरत राहतो.
- तुमच्या लॅपटॉपवर व्यवस्थित, गिऱ्हाइकाच्या मशीनवर सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावला म्हणून सिस्टीम प्रोग्रॅम पाडते), अन् ज्या ओळीवर पडतो त्या ओळीत कितीही बघा काहीच चूक दिसत नाही.
- सकाळी चालू केला की छान, संध्याकाळपर्यंत फाईल उघडणं बंद, रिस्टार्ट केला की पुन्हा छान.
- बॅकअप रोज होतोय असं लॉग म्हणतो, अन् गरज पडते त्या दिवशी बॅकअपमध्ये काहीच नसतं.

शेवटच्या ओळीवर मी एका डेअरीच्या मालकासमोर मान खाली घालून बसलेलो आहे, ते पुढं सांगतो. आधी काट्याचं, कारण सगळा विषय त्या एका उदाहरणात आहे.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की काटा रात्री उशिरापर्यंत चालतो. एका रात्री काट्यावरच्या पोराचा फोन आला, "दादा, दोन गाड्याला एकच वजन येऊ लालंय बगा, काहून ते कळना." गेलो. इंडिकेटरपासून (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) कॉम्प्युटरपर्यंत सिरियल केबल, मधे यूएसबीचा कन्व्हर्टर. प्रोग्रॅम सी भाषेतला. रीड (डेटा वाचणारं फंक्शन) ला बोलवून सोळा बाईटचा बफर (डेटा ठेवायची तात्पुरती जागा, एका बाईटात एक अक्षर) भरायचा, अन् लगेच एटूआय हे फंक्शन लावून त्या अक्षरांचा आकडा करायचा, दोनच ओळी. रीड नं किती बाईट दिले हे कुठंच साठवलेलं नव्हतं. त्या पोर्टची सेटिंग अशी होती की एक सेकंद वाट बघायची अन् काही आलं नाही तर शून्य घेऊन परत यायचं. लाईट गेली, इंडिकेटर बंद, रीड नं प्रामाणिकपणे शून्य सांगितलं, बफरमध्ये मागच्या गाडीचे आकडे तसेच पडून होते, एटूआय नं ते उचलले अन् पावती छापली.

ते तरी कुणाच्याही लक्षात आलं असतं, दोन गाड्यांचं वजन हुबेहूब सारखं कधी येतं का. खरा घात दुसरीकडं होता. कोड वाचताना दिसलं की मागच्या गाडीचं वजन ०१८२३० असेल अन् या गाडीचं ०१२४५० येत असेल, तर रीड पहिल्या खेपेला चारच बाईट देऊ शकतं, त्याला तशी मुभाच आहे. मग बफरमध्ये नवीन ०१२४ अन् मागचे जुने ३० मिळून ०१२४३० तयार होतं. म्हणजे १२,४५० किलोच्या जागी १२,४३०. बघणाऱ्याला एकदम खरं वाटणारं वजन, फक्त वीस किलो कमी. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता, त्या हिशोबानं एका गाडीमागं ९७८ रुपये शेतकऱ्याचे गेले, अन् त्याला कधी कळणार पण नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. रीड चं उत्तर तपासणाऱ्या दोन ओळी वाचवल्या होत्या लिहिणाऱ्यानं.

आता तपासण्या.

पहिली: डिस्क, परवानगी, एक्झिट कोड

कोड उघडायच्या आधी मशीन बघा. लिनक्सच्या डीएफ कमांडनं डिस्क भरली का बघा, डॅश आय लावून आयनोड (प्रत्येक फाईलमागं लागणारी नोंद) संपले का तेही बघा, कारण लहान लहान लाखो फाईली झाल्या की जागा दिसते अन् तरी नवीन फाईल होत नाही. ज्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम लिहितो तिथं त्याच युजरला लिहायची परवानगी आहे का बघा. अन् प्रोग्रॅम टर्मिनलवरून हातानं चालवा, संपला की लगेच डॉलर अन् प्रश्नचिन्ह एको करा, म्हणजे एक्झिट कोड (प्रोग्रॅमनं संपताना दिलेला आकडा) दिसतो. शून्य आलं म्हणजे प्रोग्रॅमच्या मते सगळं ठीक. समोर काम बिघडलेलं दिसतंय अन् हा शून्य म्हणतोय, तर मग नक्की समजा की आत कुठं तरी एरर गिळली गेली आहे, पुढं वाचा. हे आधी करायचं कारण एवढंच, की डिस्क रिकामी केल्यावर गिऱ्हाइकाचं काम पाच मिनिटांत सुरू होतं अन् तुम्हाला शांतपणे मूळ शोधता येतं. मात्र डिस्क रिकामी झाली म्हणून दुरुस्ती झाली असं धरू नका, ती पुन्हा भरणारच आहे.

दुसरी: एरर मुद्दाम कुठं दाबली आहे का

हे ग्रेप (कोडमध्ये शब्द शोधणारी कमांड) करून दहा मिनिटांत होतं. जावा, पीएचपी, जावास्क्रिप्टमध्ये रिकामा कॅच ब्लॉक (एरर पकडायची जागा), पायथॉनमध्ये एक्सेप्ट अन् त्याच्याखाली नुसतं पास, गो मध्ये एररच्या जागी अंडरस्कोअर, पीएचपीत फंक्शनच्या आधी ॲट चं चिन्ह, शेल स्क्रिप्टमध्ये एरर सगळी डेव्ह नल मध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकललेली. कुणी तरी घाईत डेमोच्या आदल्या दिवशी हे टाकलेलं असतं, मग ते काढायचं राहून जातं. प्रत्येक जागी आधी फक्त एक लॉगची ओळ टाका, बाकी काही बदलू नका, अन् दोन दिवस चालू द्या. बऱ्याच वेळा इथंच चोर सापडतो.

शेल स्क्रिप्टचं जरा वेगळं सांगतो, कारण डेअरीचा बॅकअप इथंच गेला. स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) चं आउटपुट पाईपनं (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं) जीझिप (कॉम्प्रेस करणारी कमांड) ला अन् तिथून फाईलमध्ये जात होतं. पाईपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यावर डंप रोज फेल व्हायला लागला, जीझिप ला रिकामं इनपुट मिळालं, त्यानं ते रिकामं इनपुट व्यवस्थित कॉम्प्रेस केलं अन् शून्य परत दिला. लॉगमध्ये रोज "बॅकअप पूर्ण". चार महिन्यांच्या फाईली, प्रत्येक बरोबर वीस बाईटची, रिकाम्या डेटाची जीझिप फाईल तेवढीच होते. हार्ड डिस्क गेली तेव्हा कळलं. शेतकऱ्यांच्या लिटर-फॅटच्या नोंदी आम्ही वहीतून पुन्हा भरल्या, अठरा दिवस. शेल बॅश असेल तर स्क्रिप्टच्या वर सेट डॅश ओ पाईपफेल लिहा, निकाल तपासा, अन् फाईलची साईज पण तपासा. अन् सीडी (फोल्डर बदलणं) नंतर आरएम (फाईल पुसणं) असेल तर सीडी यशस्वी झालं तरच आरएम चालेल असं लिहा, मधे दोन अँपरसँड टाकले की झालं. सीडी फसलं तर तुम्ही आहात त्याच फोल्डरमध्ये पुसापुशी सुरू होते.

तिसरी: कंपायलरला बोलू द्या

जीसीसी या सी कंपायलरला वॉल चा (वॉर्निंग दाखवणारा) पर्याय द्या अन् त्याच्याबरोबर ओ-टू ऑप्टिमायझेशन पण लावा. उबुंटूवर ऑप्टिमायझेशन लावल्याशिवाय "रिटर्न व्हॅल्यूकडं दुर्लक्ष होतंय" ही वॉर्निंग बऱ्याच फंक्शनला येतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. स्कॅनएफ (टाईप केलेलं वाचणारं), रीड, राईट (डेटा लिहिणारं) सगळ्यांना ती येते. वॉर्निंग आली की पुढं व्हॉइड लावून ती घालवायचा प्रयत्न करू नका, जीसीसी त्यानं गप बसत पण नाही. तुमची स्वतःची फंक्शनं असतील तर सी प्लस प्लस १७ अन् सी २३ मध्ये नोडिस्कार्ड आहे, ते लावून ठेवा म्हणजे पुढचा माणूस विसरला तरी कंपायलर ओरडेल. रस्टमध्ये रिझल्ट टाकून दिला की आपोआपच वॉर्निंग येते. गो साठी एररचेक नावाचं टूल आहे. हे सगळं फुकट आहे अन् एका बिल्डचं काम आहे, तरी लोक शेवटी करतात.

चौथी: त्या फंक्शनचं "नाही" कसं दिसतं

इथं थोडं थांबू, कारण इफ लिहिलेला असतो तरी चूक इथंच होते. प्रत्येक फंक्शनची नकार द्यायची रीत वेगळी आहे. एफओपन (फाईल उघडणारं) अन् मॅलॉक (मेमरी मागणारं) नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला पॉइंटर, देतात; तो न तपासता वापरला की वरचा सेगमेंटेशन फॉल्ट. ओपन, रीड, राईट उणे एक देतात. रीड चा शून्य म्हणजे साध्या फाईलचा शेवट, पण वरच्या काट्यासारख्या सिरियल पोर्टवर तोच शून्य म्हणजे वेळेत काही आलं नाही, अन् यूएसबी कन्व्हर्टर उपसला तरी शून्यच. पीथ्रेडची (एका वेळी अनेक कामं चालवणारी) फंक्शनं शून्य दिला तर यशस्वी, नाही तर एररचा नंबर थेट परत देतात, एररनो (एररचा नंबर ठेवायचं ठरलेलं व्हेरिएबल) मध्ये टाकत नाहीत. स्कॅनएफ किती आकडे वाचले ते सांगतं. तुम्ही एक मागितला अन् एक आला नाही तर चुकीचं अक्षर इनपुटमध्ये तसंच पडून राहतं, पुढच्या खेपेला तेच समोर येतं, म्हणून मेनू फिरत राहतो. इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात त्यात हमखास हा असतो. ती ओळ वाचून टाकून द्यायची, मग पुन्हा विचारायचं.

एटूआय बद्दल माझं मत स्पष्ट आहे, पैशाच्या अन् वजनाच्या कामात ते वापरूच नका. कचरा दिला तरी शून्य, अन् खरा शून्य दिला तरी शून्य, फरक करता येत नाही. एसटीआरटूएल वापरा, ते कुठपर्यंत वाचलं तो पॉइंटर पण देतं. गेटकॅर (एक अक्षर वाचणारं) चं उत्तर इंट (पूर्ण आकड्याचा प्रकार) मध्येच घ्या. कॅर (एका बाईटचा प्रकार) मध्ये घेतलं तर काही मशीनवर फाईलचा शेवट कधी ओळखूच येत नाही अन् काहींवर २५५ चा बाईट आला की फाईल संपली असं वाटतं. एआरएमच्या छोट्या बोर्डवर अन् डेस्कटॉपवर एकच कोड वेगळा वागतो त्याचं हे एक कारण.

दुसऱ्या भाषांत पण हेच. पीएचपीच्या एसटीआरपॉस (मजकुरात शब्द शोधणारं) ला शब्द अगदी सुरुवातीलाच सापडला तर ते शून्य देतं, सापडला नाही तर फॉल्स, अन् नुसता इफ दोन्हीला सारखंच समजतो, तिथं सलग तीन बरोबरची चिन्हं वापरा. जावास्क्रिप्टचं फेच (वेबवरून माहिती आणणारं) ४०४ ला (पान नाही) अन् ५०० ला (सर्व्हरमध्ये बिघाड) एरर फेकत नाही, रिस्पॉन्सचा ओके तुम्हीच बघायचा.

अन् हे फक्त नवशिक्यांचं आहे असं समजू नका. ओपनएसएसएल ही लायब्ररी अर्ध्या इंटरनेटच्या कुलपासारखी आहे. त्यात सही तपासणारं एक फंक्शन सही बरोबर असेल तर एक, चुकीची असेल तर शून्य, अन् तपासतानाच काही बिघडलं तर उणे एक देतं. खुद्द लायब्ररीच्याच कोडमध्ये काही ठिकाणी "शून्य नाही ना, मग ठीक" असं तपासलेलं होतं. उणे एक म्हणजे शून्य नाही, त्यामुळं मुद्दाम मोडकी सही दिली की ती खरी ठरायची. २००९ च्या जानेवारीत हे जाहीर झालं अन् दुरुस्त झालं. मॅन पेज (फंक्शनचं माहितीपान) उघडलं की त्यात रिटर्न व्हॅल्यू असा वेगळा भाग असतो, तो वाचायला एक मिनिट लागतं. मी आजही रीड चं पान उघडतो, पाठ असलं तरी.

पाचवी: एररनो वेळेवर वाचलं का

फंक्शननं नकार दिला की लगेच एररनो एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. मधे एक साधं प्रिंटएफ आलं तरी ते बदलू शकतं, मग लॉगमध्ये भलतंच कारण छापलं जातं अन् तुम्ही दोन दिवस चुकीच्या रानात फिरता. उलट चूक पण बघितली आहे, काम यशस्वी झालं का हे एररनो वरून ठरवणं. यशस्वी झालेलं फंक्शन एररनो शून्य करतंच असं नाही, आधी रिटर्न बघायचं, तो नकार असेल तरच एररनो. लिनक्सवर २ म्हणजे फाईल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे प्रोसेसच्या खूप फाईली उघड्या, २८ म्हणजे जागा संपली. २४ आला तर संध्याकाळी बंद पडणारा प्रोग्रॅम तोच, कुठं तरी फाईल उघडून बंद करायची राहिली आहे अन् बऱ्याच मशीनवरची १०२४ ची मर्यादा भरली.

सहावी: अर्धं काम अन् फाईल बंद करताना येणारी एरर

राईट ला हजार बाईट दिले अन् त्यानं सहाशे लिहिले तर ती एरर नाही, उरलेले चारशे पुन्हा द्यायची जबाबदारी तुमची. रीड चं तसंच. काट्याचा कोड मी असाच दुरुस्त केला, शेवटचं कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) येईपर्यंत बाईट जमवत जायचे, अक्षरं बरोबर सहा अन् सगळे आकडेच आहेत का बघायचं, नाही तर ती फ्रेम (एका वजनाचा संच) टाकून द्यायची, अन् प्रत्येक वाचनाआधी बफर पुसायचा.

आता एक असं, जे चांगले चांगले विसरतात. एफप्रिंटएफ (फाईलमध्ये लिहिणारं) बऱ्याच वेळा डिस्कवर लिहितच नाही, बफरमध्ये ठेवतं. डिस्क भरलेली असेल तर ते खुशाल यश सांगतं अन् खरी एरर एफक्लोज ला (फाईल बंद करताना) येते. एफक्लोज चं उत्तर कोण बघतं? "सेव्ह झालं" अन् फाईल रिकामी, याचं माझ्याकडचं सगळ्यात जास्त वेळा निघालेलं कारण हेच. तपासायला लिनक्सवर डेव्ह फोल्डरमध्ये फुल नावाची एक फाईल असते, तिच्यात काहीही लिहा, ती कायम "जागा नाही" म्हणते. तुमच्या प्रोग्रॅमला आउटपुट फाईल म्हणून तीच द्या. तरी "सेव्ह झालं" छापलं, तर बिघाड तुमच्यासमोर आहे.

सातवी: एसट्रेस लावा, अन् मुद्दाम बिघडवा

इथून पुढं वेळ लागतो. एसट्रेस लावून प्रोग्रॅम चालवला की प्रत्येक सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमनं ऑपरेटिंग सिस्टीमला सांगितलेलं काम) अन् त्याचं उत्तर ओळीनं दिसतं. आउटपुट फाईलमध्ये घ्या अन् उणे एक शोधा. सगळे उणे एक वाईट नसतात, प्रोग्रॅम चार ठिकाणी फाईल शोधतो अन् पाचव्या ठिकाणी सापडते हे नेहमीचं. बघायचं हे, की उणे एक आल्यानंतर पुढच्या ओळीत प्रोग्रॅमनं काय केलं. काहीच झालं नाही असा पुढं गेला तर ती जागा पकडा. याचा फायदा असा की सोर्स कोड नसला तरी चालतं.

मग मुद्दाम अडचण आणा. युलिमिट कमांडनं उघड्या फाईलींची मर्यादा पाच करा, तीन आधीच उघड्या असतात, उरल्या दोन. मेमरीची मर्यादा कमी करा, कारण लिनक्स मॅलॉक ला सहजासहजी नाही म्हणत नाही, आधी हो म्हणतो अन् मेमरी खरीच संपली की प्रोसेस मारतो, त्यामुळं मॅलॉकचा इफ कधी तपासला जातच नाही. रीॲलॉकचं (मेमरीचा आकार बदलणारं) उत्तर त्याच जुन्या पॉइंटरमध्ये घेतलेलं असेल तर तेही इथंच सापडेल, नल आला की जुनी मेमरी हातातून जाते. एसट्रेस मधूनच तिसऱ्या रीड ला खोटी एरर पण देता येते, इंजेक्ट नावाचा पर्याय आहे. अन् काट्यावर मी सरळ केबल उपसतो, इंडिकेटर बंद करतो, अर्ध्या वजनात कन्व्हर्टर ओढतो. पुन्हा लावल्यावर शून्य नंबरचा पोर्ट कधी एक नंबरनं येतो अन् प्रोग्रॅम जुन्यालाच धरून बसतो, तेही तेव्हाच कळतं.

एरर सापडल्यावर तिचं काय करायचं हे प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं. पुन्हा प्रयत्न, वरच्या फंक्शनला कळवणं, किंवा थांबणं. काट्यावर मी थांबणं निवडलं. वजन नीट आलं नाही तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात "वजन आलं नाही, केबल बघा" अन् पावतीचं बटन बंद. मालक म्हणाले खोळंबा होतो, मी म्हणालो होऊ द्या, चुकीची पावती नको. पहिल्याच हप्त्यात त्यांनाही पटलं.

इथं थांबा अन् जाणत्याला बोलवा

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लॉगमध्ये आयओ एरर (डिस्कवर वाचता-लिहिता न येणं) दिसली किंवा डिस्क आपोआप रीड-ओन्ली झाली, तर कोडला हात लावू नका, डिस्कवर काही लिहू नका, मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या. तुमची प्रत्येक नवीन चाचणी उरलेल्या डेटावर लिहिते. डेटाबेस फाईल अर्धवट लिहिली गेली असेल तर आधी तिची कॉपी, मग डेटाबेस सांभाळणारा (डीबीए), हातानं दुरुस्ती नको. पेमेंट, पासवर्ड, डिजिटल सही असल्या कोडमध्ये रिटर्न तपासायचं राहिलं असं दिसलं तर स्वतः पॅच मारून मोकळे होऊ नका, सिक्युरिटीचं काम करणाऱ्याला दाखवा, कारण आतापर्यंत काय काय खोटं पास झालं ते त्यालाच शोधता येईल. अन् सगळ्या तपासण्या करून कोड बरोबर निघाला अन् इंडिकेटरच आकडा चुकीचा दाखवतोय, तर त्याचं सील तोडायचं नाही. २००९ च्या वैधमापन कायद्यानं काट्याची पडताळणी अन् मुद्रांकन होतं, दुरुस्ती परवानाधारक रिपेअररनंच करायची, सील तुटलं तर जबाबदारी काटामालकावर येते.

बोलवताना त्याच्या हातात द्यायला एवढं तयार ठेवा: एसट्रेस ची फाईल, एररचा नंबर, बिघाड झाला ती वेळ मिनिटासकट, त्या वेळी लाईट गेली होती का, अन् डीएफ चं आउटपुट. डिस्कचाच बिघाड असेल तर वर सांगितलं तसं मशीन बंद ठेवा, एरवी ते त्याच्या आधी रिस्टार्ट करू नका.